काम थांबवा, वेतन थांबवू नका

प्रश्न : आम्ही रत्नागिरीत नाचणे भागात राहतो. घर स्वतःचे, जुने, मागेपुढे अंगण असलेले आहे. मी शिक्षिका असून माझे वय ४६ आहे; कोरोनामुळे सध्या वर्ग मोबाइलवरून घेते. यजमानांचे गणपतीपुळ्याला लहानसे लॉज आहे, ते बंद आहे. मुलगा पुण्याहून परत आला असून त्याचे कॉलेजही घरूनच चालू आहे. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. त्यांना मधुमेह आणि हृदयविकार आहे, पण त्या हिंडत्याफिरत्या आहेत. लसीची पहिली मात्रा मार्चअखेरीस झाली, दुसरी बाकी आहे. आमच्याकडे नऊ वर्षांपासून एक काकी केर-लादी, भांडी आणि कपडे अशा कामांना येतात. महिन्याला २,५०० रुपये देतो. त्या फणसोपहून येतात, वय पन्नाशीचे. घर दोन खोल्यांचे, पती अर्धांगवायूने अंथरुणावर, मुलगा मिरकरवाड्याला ट्रॉलरवर खलाशी. त्या चार घरी काम करत होत्या. त्यांपैकी दोन घरांनी एप्रिलच्या मध्यापासून त्यांना येऊ नका म्हणून सांगितले आणि पगारही थांबवला. सासूबाई म्हणतात, येऊ दे. यजमान म्हणतात, बंद करा, नाहीतर महिनाभर मागच्या पडवीत राहायला ठेवा. शेजारच्या वहिनींचे म्हणणे असे की, घरी बसून पगार दिला तर सवय लागेल. गेल्या वर्षी टाळेबंदीत आम्ही त्यांना पूर्ण पगार दिला होता, पण आता लॉजला वर्षभर धड उत्पन्न नाही. मेच्या मध्यात मुंबईहून दीर सहकुटुंब येणार आहेत, तेव्हा काम दुप्पट होईल. काकींना ठेवावे की सोडावे?
– एक वाचक, रत्नागिरी, एप्रिल २०२१

उत्तर : माझे मत आधी स्पष्टपणे सांगते. सासूबाईंची दुसरी मात्रा होऊन दोन आठवडे उलटेपर्यंत आणि शहरातली रुग्णसंख्या उतरणीला लागेपर्यंत काकींनी तुमच्या घरात कामाला येऊ नये, आणि त्या संपूर्ण काळाचे त्यांचे वेतन दरमहा २,५०० रुपयांप्रमाणे, काहीही न कापता, त्यांना मिळावे. त्यांना सोडण्याचा विचार तर मुळीच करू नये.

तुमच्या घरातल्या प्रत्येकाने काकींचे येणे आणि काकींचा पगार या दोन गोष्टी एकमेकींना बांधून टाकल्या आहेत, आणि सगळी ओढाताण त्यातून सुरू झाली आहे. सासूबाई येऊ दे म्हणतात, त्यामागे घरातल्या लादीची काळजी असेल असे मला वाटत नाही. नऊ वर्षे ओळखीच्या झालेल्या बाईचे पैसे बुडू नयेत एवढेच त्यांना म्हणायचे असावे. यजमानांना संसर्गाची भीती आहे, तीही खरी आहे. काकींनी घरात यावे की नाही हे आजार पाहून ठरवायचे आहे. त्यांना पैसे द्यावेत की नाही हे मात्र तुमचे-त्यांचे नाते, तुमची ऐपत आणि त्यांची गरज पाहून ठरवायचे आहे. हे एकदा वेगळे केले की सासूबाईंचे आणि यजमानांचे म्हणणे परस्परविरोधी उरत नाही.

आजाराचे आधी पाहू. गेल्या वर्षी आपण सर्वांनी दुधाच्या पिशव्या धुतल्या, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवली, दाराच्या कड्या पुसल्या. वस्तूंना हात लागून होणारा संसर्ग तुलनेने कमी असतो, आणि बंद, हवा न खेळणाऱ्या जागेत माणसे जवळ असताना श्वासातून व बोलण्यातून होणारा संसर्ग हाच मुख्य असतो, हे वर्षभरात पुरेसे स्पष्ट झाले आहे. त्यामुळे काकींच्या हातच्या भांड्यांची किंवा पिळलेल्या कपड्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. विचार करायचा तो त्या दीड-दोन तासांचा, ज्यांत त्या स्वयंपाकघरात, न्हाणीघरात आणि प्रत्येक खोलीत वावरतात, सासूबाई खुर्ची ओढून त्यांच्याशी बोलत बसतात, आणि बोलताना मास्क हमखास हनुवटीवर उतरतो. त्याआधी काकी फणसोपहून भाट्याच्या पुलावरून एसटीने किंवा वडापने शहरात आलेल्या असतात, दुसऱ्या घरचे काम उरकलेले असते, आणि त्यांचा मुलगा पहाटे बंदरावर मासळीच्या लिलावाच्या गर्दीत उभा राहून घरी परतलेला असतो. यात काकींचा काही दोष नाही. संसर्गाची साखळी अशीच असते आणि लक्षणे दिसण्याआधीच माणूस ती पुढे नेऊ शकतो. सासूबाईंच्या वयाला मधुमेह आणि हृदयविकाराची जोड असल्यामुळे त्यांच्या बाबतीत धोका पत्करण्याला जागाच नाही. साठीच्या पुढच्यांना आणि व्याधी असलेल्या पंचेचाळिशीच्या पुढच्यांना १ मार्चपासून लस आधी देऊ केली, ती याच कारणासाठी. एका मात्रेने संरक्षण अर्धवट मिळते. ते नीट तयार व्हायला दुसरी मात्रा आणि त्यानंतरचे साधारण दोन आठवडे जावे लागतात.

तुमच्या पत्रात एक बाजू मात्र आलेली नाही, आणि मला तीच अधिक अस्वस्थ करते. काकी तुमच्या घरात आजार आणतील का, हे सर्वांनी विचारले. तुमच्या घरातून त्या आजार घेऊन जातील का, हे कोणी विचारलेले दिसत नाही. तुमचा मुलगा पुण्याहून आला आहे, यजमान बाजारहाट करतात, तुम्हालाही शाळेच्या कामासाठी अधूनमधून बाहेर पडावे लागत असेल. तुमच्या घरात कोणाला बाधा झाली तर वेगळी खोली आहे, वेगळे न्हाणीघर करता येईल, डॉक्टरांना फोन करता येईल. काकींच्या दोन खोल्यांत विलगीकरण कसे होणार? त्यांना कोविड केअर सेंटरमध्ये जावे लागले तर अंथरुणाला खिळलेल्या पतीला कूस बदलून द्यायला, जेवू घालायला घरी कोण राहणार? मुलगा समुद्रावर असेल तर कोणीच नाही. सासूबाईंसाठी जितकी काळजी घ्यायची तितकीच काळजी त्या माणसाचीही घ्यायला हवी, आणि म्हणून मी काकींचे येणे थांबवायला सांगते आहे. उद्या तुमच्या घरात कोणाला साधा ताप आला, तरी ज्या दिवशी शंका येईल त्याच दिवशी काकींना फोन करून सांगा. अनेक घरे हे लपवतात, कारण बाहेर चर्चा होईल अशी भीती असते. आदल्या चार-पाच दिवसांत जी बाई तुमच्या घरात वावरली आहे तिला हे कळणे तुमच्या संकोचापेक्षा फार महत्त्वाचे आहे.

आता पगाराचे. शेजारच्या वहिनींना सवयीची भीती वाटते. त्यांना दुखवण्याचा माझा हेतू नाही, पण तुम्ही स्वतःचाच विचार करून पाहा. गेल्या वर्षी शाळा बंद झाल्या तेव्हा तुमचे वेतन चालू राहिले आणि ते राहायलाच हवे होते, कारण शाळा तुम्ही बंद केली नव्हती. त्यामुळे तुम्हाला न शिकवण्याची सवय लागली नाही. उलट, रेंज शोधत, गच्चीत उभे राहून तुम्ही मुलांना शिकवत राहिलात. घरात कामाला येणाऱ्या बाईला मात्र त्याच परिस्थितीत सवय लागेल असे आपण का धरून चालतो? काकी नऊ वर्षे पावसापाण्यात येत आहेत. त्या कामाला टाळणाऱ्या असत्या तर ते तुम्हाला केव्हाच कळले असते.

या बाबतीत कायद्याचा आधार फार तोकडा आहे, हेही सांगायला हवे. १९ मार्च २०२० च्या भाषणात पंतप्रधानांनी घरी सेवा देणाऱ्यांचे वेतन न कापण्याचे आवाहन केले होते, पण ते आवाहनच होते. २९ मार्च २०२० ला केंद्रीय गृह मंत्रालयाने टाळेबंदीच्या काळाचे वेतन न कापता देण्याचा जो आदेश काढला तो उद्योग, दुकाने आणि व्यापारी आस्थापनांपुरता होता, आणि मे महिन्यात तोही मागे घेतला गेला. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, परंतु घरोघरी राबणाऱ्या असंख्य बायकांची त्यात नोंदच नाही. यंदा १३ एप्रिलला निर्बंध जाहीर करताना मुख्यमंत्र्यांनी घरेलू कामगारांना १,५०० रुपयांचे साहाय्य देण्याची घोषणा केली, ती केवळ नोंदणी झालेल्यांसाठी आहे. काकींची नोंदणी नसेल तर ते पैसे त्यांच्यापर्यंत येणार नाहीत. शिधापत्रिकेवरचे धान्य मिळेल, शिवभोजन थाळी सध्या मोफत आहे, पण पतीचे औषध, विजेचे बिल आणि गॅसची टाकी यांना रोख पैसेच लागतात. म्हणजे प्रत्यक्षात काकींच्या मागे उभे राहणारे कोणी असेल तर ती तुमच्यासारखी घरेच आहेत, आणि त्यांतली दोन आधीच बाजूला झाली आहेत.

त्यात हा महिना कोणता आहे ते पाहा. किनाऱ्यावरच्या कष्टकरी घरात आगोटीची बेगमी एप्रिल-मेमध्येच होते. पावसाळाभर पुरेल एवढे तांदूळ, मसाला, सुकी मासळी, सरपण भरून ठेवायचे, कौले परतून घ्यायची, गळक्या जागी प्लास्टिक टाकायचे, हे सर्व मृगाआधी आटपावे लागते आणि त्यासाठी हातात पैसा याच महिन्यांत लागतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद राहील. ट्रॉलर किनाऱ्याला लागले की खलाशाला काम नाही, आणि एकदा हंगाम मोडला की तो पुन्हा उभा राहायला नारळी पौर्णिमा उजाडते. काकींच्या घरात जून-जुलैमध्ये मुलाची कमाई नसणार हे दरवर्षीचेच आहे; एरवी ते दोन महिने काकींच्या चार घरांच्या पैशांवर निघतात. यंदा त्या चारांतली दोन गेली. तिसरे तुमचे गेले तर आगोट भरायची कशाने? अशा वेळी बाईला उचल घ्यावी लागते, व्याजाने पैसे काढावे लागतात किंवा कानातले गहाण टाकावे लागते, आणि ते फेडण्यात पुढचे वर्ष जाते. तुमचे मेचे आणि जूनचे २,५०० रुपये एरवीपेक्षा म्हणूनच जास्त मोलाचे आहेत, आणि शक्य असेल तर मेचा पगार महिनाअखेरीची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात द्यावा असे मी सुचवेन.

तुमची ऐपत हा प्रश्नही मी हलका मानत नाही. लॉज वर्षभर नीट चाललेले नाही, कर्जाचा हप्ता असेल, आणि पर्यटक कधी परततील हे आज कोणी सांगू शकत नाही. तरीही तुमचे वेतन चालू आहे, घर स्वतःचे आहे, आणि २,५०० रुपये ही तुमच्या महिन्याच्या खर्चातली कितवी रक्कम आहे ते एकदा वही घेऊन मांडून पाहा. लग्नकार्यांचे आहेर, प्रवास, हॉटेल आणि कपडे यांवरचा तुमचा खर्च या वर्षात आपोआप आटला असेल; काकींचा पगार त्या वाचलेल्या पैशांतून सहज निघू शकतो. इतके करूनही पूर्ण रक्कम झेपणार नाही असे दिसले, तर किती देता येईल आणि किती महिने देता येईल ते काकींना आधीच सांगावे. १,५०० देणार असाल तर तसे बोलून द्या, म्हणजे त्यांना पुढचे आखता येईल. महिनाअखेरीला अचानक पाकीट हलके करून देणे, किंवा फोनच न उचलणे, हे मात्र कोणी करू नये.

पैसे देताना काही गोष्टी कटाक्षाने सांभाळा. हे वेतन आहे, उसने नाही. पुढे जादा काम करून फेडा, असे त्यावर लिहू नका आणि मनातही धरू नका. दिवाळीच्या बोनसमधून ते वळते करू नका. तांदूळ, आंबे, जुने कपडे प्रेमाने जरूर द्या, पण ते पैशांच्या बदली देऊ नका, कारण औषधाच्या दुकानात तांदूळ चालत नाहीत. काकींचे बँकखाते असेल तर खात्यात भरा. परंतु त्यासाठी त्यांना बँकेच्या रांगेत उभे राहावे लागणार असेल तर रोख रक्कमच बरी. मुलाला स्कूटरवरून फणसोपला पाठवा, त्याने मास्क लावून अंगणातूनच पाकीट द्यावे.

यजमानांनी सुचवलेला पडवीचा तोडगा मला मान्य नाही. आजारी पतीला सोडून एका बाईने महिनाभर दुसऱ्याच्या पडवीत राहावे, ही अपेक्षाच तिच्यावर अन्याय करणारी आहे. शिवाय तुम्ही विचारले तर काकी नाही म्हणू शकतील असे मला वाटत नाही. दोन घरे सुटली आहेत, तिसरेही जाईल या भीतीने त्या हो म्हणतील, आणि आपण त्यांच्या संमतीनेच हे केले असे तुम्हाला वाटत राहील. घरात राहणाऱ्या बाईचे कामाचे तासही उरत नाहीत. सकाळच्या चहापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत हाक मारली जाते. त्यांनी स्वतःहून सुचवले असते, त्यांच्या घरची सोय असती, तर वेगळी खोली, वाढीव वेतन आणि साप्ताहिक सुट्टी धरून त्याचा विचार करता आला असता. तुमच्या बाबतीत तशी स्थिती नाही, तेव्हा हा विषय त्यांच्यापुढे काढूच नका.

मग घरातले काम कोणी करायचे? तुमच्या पत्रात हा प्रश्न शब्दांत आलेला नाही, पण त्याचा थकवा ओळीओळीतून जाणवतो. सकाळचे वर्ग, सासूबाईंची पथ्ये, तीन वेळचे स्वयंपाक, आणि त्यावर केर-लादी-भांडी-कपडे. हे सर्व तुमच्यावर पडणार असेल तर महिन्याभरात तुम्ही आजारी पडाल, आणि मग नाइलाजाने काकींना बोलावले जाईल. यजमानांचा व्यवसाय बंद आहे, ते दिवसभर घरी आहेत, भांडी त्यांची. मुलगा तरुण आहे, त्याचे वर्ग दुपारी संपत असतील. केर आणि लादी त्याची. मदत म्हणून कधीमधी करायचे असे ठरवू नका, ज्याचे काम त्याचेच, तुम्ही आठवणही करायची नाही, असे पहिल्याच दिवशी चौघांनी बसून ठरवा. सासूबाईंना आपल्या मुलाच्या हातात घासणी पाहून वाईट वाटेल, कदाचित त्या स्वतः उठून मोरीपाशी जातील. त्यांना समजावण्याचे काम यजमानांनीच करावे, ते तुमच्याकडे येऊ नये. काही कामे सरळ कमीही करावीत. लादी दिवसाआड पुसली तर चालते, चादरी आठवड्याने धुतल्या तर कोणाचे अडत नाही, इस्त्री तर वर्षभर विसरली तरी हरकत नाही.

जाता जाता स्वच्छतेच्या एका गोष्टीची सूचना देते, कारण घरातले अननुभवी हात आता हे काम करणार आहेत. ब्लीचिंग पावडर किंवा तिचे द्रावण संडास साफ करण्याच्या आम्लयुक्त द्रवात कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. साबण आणि पाणी नेहमीच्या सफाईला पुरेसे आहे.

दिरांच्या येण्याविषयी तुम्ही ओझरते लिहिले आहे, पण माझ्या दृष्टीने तुमच्या घरासाठी या महिन्यातला सर्वांत मोठा धोका तोच आहे. मुंबईहून चार-पाच माणसे येणार, एका छपराखाली जेवणार, सासूबाईंच्या शेजारी बसून गप्पा मारणार, आणि फणसोपहून मास्क लावून येणाऱ्या काकींना मात्र आपण थांबवणार, हे बरोबर होणार नाही. आंतरजिल्हा प्रवासाला सध्या पोलिसांचा ई-पास लागतो, तोही निकडीच्या कारणासाठीच मिळतो. एसटीने किंवा रेल्वेने येणाऱ्यांच्या हातावर १४ दिवसांच्या गृहविलगीकरणाचा शिक्का मारण्याचे आदेश आहेत. आंबे खायला येणे हे निकडीचे कारण नाही. हापूसच्या पेट्या तुम्ही मुंबईला पाठवू शकता, त्याची वाहतूक चालू आहे. दिरांना यजमानांनी फोन करून स्पष्टपणे नाही म्हणावे, आणि त्यात आईच्या तब्येतीचे खरे कारण सांगावे. आपल्याकडे चाकरमान्यांना येऊ नका म्हणणे किती जड जाते हे मला ठाऊक आहे. गेल्या गणपतीत दहा दिवसांच्या विलगीकरणावरून घराघरांत किती कटुता आली तेही आपण पाहिले. तरीही काळजीचा नियम नात्यातल्या माणसाला आणि कामाच्या माणसाला एकच असायला हवा. तो एकालाच लावला तर त्यात आजाराची काळजी उरत नाही, आपल्याकडची जुनी शिवाशिव तेवढी नव्या कारणाने परत येते.

काकींशी हे सर्व बोलायचे कसे, याचाही विचार करून ठेवा, कारण दोन घरांनी त्यांना दारातूनच परत पाठवले आहे आणि तुमचा फोन आला की त्यांच्या पोटात गोळा येईल. पैशांचे वाक्य आधी बोला. "काकी, तुमचा पगार चालू राहणार आहे, त्याची काळजी करू नका. आईंची दुसरी लस व्हायची आहे आणि तुमच्या घरी काकाही अंथरुणावर आहेत, म्हणून थोडे दिवस तुम्ही येऊ नका असे आम्हाला वाटते. तुम्हाला काय वाटते?" एवढे बोलून थांबा आणि त्यांचे ऐकून घ्या. त्यांनाही काही सांगायचे असेल. शहरात कामाला जाते म्हणून वाडीत त्यांच्याकडे संशयाने पाहिले जात असेल, कोरोनासाठी गावात नेमलेल्या ग्राम कृती दलाने विचारणा केली असेल, किंवा पतीच्या भीतीने त्यांनाच यायचे नसेल आणि पैसे जातील म्हणून त्या बोलल्या नसतील. दुसरीकडे, कामाशिवाय पैसे घेणे त्यांच्या मनाला पटत नाही असेही होऊ शकते. आपल्याकडच्या स्वाभिमानी बायकांना ते खरोखर जड जाते. तसे झाले तर त्यांच्या घरी बसून करता येईल असे काम त्यांना निवडू द्या. कोकम फोडून आमसुले घालणे, कुळीथ दळून पीठ करून देणे, अशी कामे त्यांच्याच अंगणात होतात आणि सामान मुलगा पोचवू शकतो. मात्र ते त्यांच्या इच्छेवर असावे, पगाराची अट म्हणून नव्हे, आणि २,५०० रुपयांत बसेल इतकेच असावे.

पुन्हा सुरुवात करताना घाई नको. सासूबाईंच्या दुसऱ्या मात्रेनंतर दोन आठवडे झाले, जिल्ह्यातले आकडे खाली आले आणि काकींचीही निदान एक मात्रा झाली की दिवसाआड, तासाभराने सुरुवात करावी. पुढचे आणि मागचे दार, सर्व खिडक्या उघड्या ठेवा. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, तेव्हाची वेळ ठेवलीत तर घरातली हवा खेळती राहील. त्या वेळेत सासूबाईंनी अंगणात किंवा आपल्या खोलीत असावे. मास्क काकींनी लावायचा तसाच घरातल्या प्रत्येकाने लावायचा, आणि चांगले मास्क तुम्ही आणून द्यायचे. आल्यावर हात धुण्यासाठी साबण मागच्या नळावर ठेवा, पण त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नका. माणसांवर अशी फवारणी करू नये, ती अपायकारक आहे, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच बजावले होते. चहा द्याल तेव्हा तो नेहमीच्याच कपात द्या. साबणाने धुतलेल्या कपातून कोणाला काही होत नाही. त्यांना ताप-खोकला असेल तर न येता घरी थांबावे आणि त्या दिवसांचे पैसे कापले जाणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवा. खाडा धरला जाईल या भीतीनेच बायका ताप अंगावर काढून कामाला येतात.

आणखी दोन कामे आहेत आणि ती तुमच्या मुलाकडे सोपवण्यासारखी आहेत. घरेलू कामगार मंडळाची नोंदणी १८ ते ६० या वयोगटासाठी असते, म्हणजे काकी अजून त्यात बसतात. ती जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात होते आणि त्यासाठी ज्यांच्याकडे काम करतात त्यांचे प्रमाणपत्र लागते. नऊ वर्षे काम केल्याचे ते प्रमाणपत्र तुम्ही आजच लिहून सही करून ठेवा, म्हणजे कार्यालयात जाणे शक्य होईल तेव्हा अडचण येणार नाही. लसीकरण पंचेचाळिशीच्या पुढच्या सर्वांना १ एप्रिलपासून खुले आहे, तेव्हा तुमचा आणि काकींचाही हक्क सारखाच आहे. सध्या साठा कमी आहे, केंद्रावर पहाटेपासून रांगा लागतात, आणि कोविन या लसनोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर वेळ मिळवणे साध्या फोनवरून त्यांना जमणार नाही. मुलाने त्यांचा आधार क्रमांक विचारून नोंदणी करावी, रोज पाहत राहावे, आणि फणसोपहून जायला सोयीचे केंद्र मिळाले की त्यांना कळवावे. त्यांच्या पतींचे वय पंचेचाळिशीपुढचे असेल तर त्यांचीही नोंदणी सोबतच करावी आणि अंथरुणावरच्या रुग्णाला लस कशी देता येईल हे तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन करून विचारावे. लस घेतल्यानंतर एक-दोन दिवस अंग दुखते, कणकण येते. तेवढे दिवस पतीकडे पाहायला काकींचा मुलगा किनाऱ्यावर असेल, अशीच तारीख निवडा.